मागचं वाचणारे मावसाजी

आमच्या मावसाजींना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं जबलपुरातलं प्रत्येक मराठी घर सांगत असे. हे वाक्य मुळात मावसाजींनीच तयार केलेलं होतं आणि त्यांनीच ते घरोघर पोचवलं होतं, ही गोष्ट वेगळी. पण ते खोटं नव्हतं. विमावाले, प्लॉट दाखवणारे, पाण्याचं मशीन विकणारे, सोन्याला पॉलिश करून देतो म्हणणारे, अशा सगळ्यांनी त्यांच्या मदन महलच्या घराच्या दारात आपलं नशीब आजमावून पाहिलं होतं आणि घाम पुसत परत गेले होते. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. टेलिफोन खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे आणि आवाजानं पहिलवान. इतरांच्या खिशात पेन असतं तिथे यांच्या खिशात भिंग असायचं. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करायची आणि मागचं बारीक अक्षर वाचायचं, हा त्यांच्या हाताचा धर्मच होऊन बसला होता. माझ्या मुलीच्या बारशाला मी तिला त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी नकळत तिलाही पालथी करून पाहिलं. मावशी ओरडली, "अहो, काय पाहून राहिले? तारीख नाही छापलेली तिच्यावर!"

त्यांच्या दृष्टीनं खरेदी हा व्यवहार नव्हताच, ती उलटतपासणी होती. खोव्याची जिलबी ही आमच्या गावाची शान, पण मावसाजींबरोबर ती आणायला जाणं म्हणजे कोर्टात साक्षीला जाणं. हलवाई डबा काट्यावर ठेवून त्यात जिलबी भरायला लागला की मावसाजी हात वर करत. "पहले ख़ाली डब्बा तौलिए. पुट्ठा हम खाते नहीं हैं." पुठ्ठ्याचा भाव जिलबीच्या भावानं लावणं हा गुन्हा आहे, हे ते हलवायाला सांगत, मग रांगेतल्या लोकांना सांगत, मग रांगेबाहेर नुसतेच उभे असलेल्यांनाही सांगत. एकदा माझ्या घरी पाहुणे ताटकळत बसलेले आणि हे तिथे ग्राहकांचे हक्क समजावून सांगताहेत. शेवटी मागून एक बाई म्हणाल्या, "भाई साहब, हक़ बाद में, पहले समोसे दिलवा दीजिए." पुढे पुढे असं व्हायला लागलं, की त्यांची स्कूटर दुकानासमोर थांबली की मालक आत बघून ओरडायचा, "डब्बे वाले अंकल आ गए, काँटा साफ़ करो!" त्यानंतर ती स्कूटर उभी असेपर्यंत सगळ्याच गिऱ्हाइकांना पूर्ण वजनाची जिलबी मिळे. चतुर लोक म्हणे त्यांची स्कूटर पाहूनच रांगेत उभे राहत.

माझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका साडीच्या दुकानात गेलो होतो. आई, मावशी, आत्या, मी आणि पिशव्या धरायला म्हणून मावसाजी. साड्यांचा ढीग पडला, आईला शालू पसंत पडला, आत्यालाही चक्क तोच पसंत पडला. आमच्या घरात असा योग क्वचित येतो. आणि तेवढ्यात मावसाजींना भिंतीवरची पाटी दिसली. 'बिका हुआ माल वापस नहीं होगा.' झालं. सगळ्या साड्या त्यांनी घडी घालून परत ठेवायला लावल्या. मालक गयावया करत म्हणाला, "अंकल जी, सब दुकानों में लगी है." मावसाजी म्हणाले, "तो सब दुकानों में ग़लत लगी है. पहले इसे उतारिए." आई दातओठ खात मला म्हणाली, "मुहूर्त टळून चालला आणि ह्यांना पाटीचं पडलं आहे." मालकानं पाटी काही उतरवली नाही, पण तिच्यावर देवीचं एक मोठं कॅलेंडर टांगलं आणि तडजोड झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं मावसाजी त्या रस्त्यानं गेले की दुकानात शिरत, कॅलेंडर वर उचलून खाली पाटी आहे की गेली ते पाहत, देवीला नमस्कार करत आणि बाहेर पडत.

याची किंमत मावशीनं मोजली. नागपूरला तिच्या भाचीचं लग्न होतं. मदन महल स्टेशनवर गाडी उभी असताना मावसाजी पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरले. विकणाऱ्यानं छापील किमतीवर थोडे जास्त मागितले, म्हणाला, "ठंडा करने का लगता है, बाबूजी." एवढं ऐकल्यावर मावसाजींसाठी नागपूर, लग्न, बायको, सगळं अंतर्धान पावलं. गाडी सुटली तेव्हा मावशी खिडकीतून हात हलवत होती आणि हे स्टेशन मास्तरच्या खोलीकडे जाताना पाठमोरे दिसत होते. दुसऱ्या दिवशी पंगती उठल्यावर ते लग्नाच्या कार्यालयात पोचले. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद आणि हातात ती बाटली. मी विचारलं, "अहो, निदान पाणी तरी प्यायलात का?" तर म्हणाले, "छे! पुरावा आहे तो." मावशी परतीच्या प्रवासात त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मात्र तहान लागल्यावर तो पुरावा तीच प्यायली.

आम्ही सगळे त्यांना हसत होतो. मीही हसत होते. पण त्यांच्या शेजारी ब्युटी पार्लर चालवणारी एक मुलगी राहायची, तिच्या प्रकरणानंतर माझं हसणं जरा कमी झालं. तिनं मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून झटपट कर्ज घेतलं होतं. घेताना झटपट, फेडताना गळफास. एक हप्ता चुकला आणि वसुलीवाल्यांनी तिच्या फोनमधल्या एकेका माणसाला फोन लावून तिच्याबद्दल वाटेल ते बोलायला सुरुवात केली. कॉलनीतल्या लोकांनी फोन कापले, आणि त्याबरोबर तिच्याशी बोलणंही कापलं. मावसाजींना फोन आला तेव्हा ते दुपारचे जेवून पलंगावर पडले होते. ते उठून बसले, चष्मा लावला, आणि अतिशय प्रेमानं म्हणाले, "हाँ बेटा, बोलो. पहले अपना पूरा नाम बताओ. पिताजी का भी." मग कंपनीचं नाव, तिचा पत्ता, परवाना, वरिष्ठांचं नाव. तो शिव्या देई, हे त्या मोठ्यानं उच्चारून शब्दशः लिहून घेत. "ज़रा धीरे बोलो बेटा, दूसरी वाली छूट गई." चहाची वेळ झाली तरी यांनी त्याला सोडलं नाही. शेवटी तोच रडकुंडीला येऊन म्हणाला, "अंकल, फ़ोन रखने दीजिए, मुझे औरों को भी धमकाना है." दुसऱ्या दिवशी ते त्या मुलीला घेऊन पोलिसांत गेले, तिथे दाद लागेना तेव्हा वरच्या साहेबांकडे गेले, आणि तिथल्या बाकावरून उठले नाहीत. फोन बंद झाले. ती मुलगी मावशीच्या स्वयंपाकघरात बसून खूप रडली. मावसाजी बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "रडून काहून राहिली? आता त्यानं रडायचं." मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून आमच्या लोकांत एक रीतच पडून गेली. कुणी काही घ्यायला निघालं, कुठे सही करायला निघालं, कुणाला कसला फोन आला, की घरातलं कुणीतरी म्हणणार, "मावसाजींना विचारलं का?" माझे मावसाजी सगळ्या जबलपूरच्या मराठी माणसांचे मावसाजी झाले. आणि ते सगळ्यांचे फोन घेत. जेवताना, पूजेत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या गालाला साबण असताना. सगळ्यांत जास्त फोन करायच्या देवघरेबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई शहराच्या कडेच्या महाराजपूरला एकट्या राहत. मूलबाळ नाही, यजमान गेलेले, गुडघे कामातून गेलेले, आणि घराचं न्हाणीघर नेमकं वरच्या मजल्यावर. खाली एक बाथरूम बांधून घ्यायचं म्हणून त्या बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत होत्या. त्या बाथरूमची एकेक फरशी मावसाजींच्या सल्ल्यानं ठरत होती. "बाई, ती चकचकीत घेऊ नका, पाय घसरतो. आणि मिस्त्रीला आगाऊ काही देऊन नका बसू. मला विचारल्याशिवाय कोणालाच काही द्यायचं नाही, समजलं ना?" बाई म्हणायच्या, "तुम्हाला विचारल्याशिवाय मी दूधवाल्याला पण देत नाही हो." मावसाजी हे वाक्य आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. त्यांना मिळालेलं ते पारितोषिक होतं.

अशा या माणसाला जगात एकच गोष्ट मागची बाजू न वाचता घेता येत होती. ती म्हणजे मराठी. आमच्याकडे मराठी ही घरात बोलायची गोष्ट, आणि आता तर घरातही कमीच. त्यांचा मुलगा हैदराबादला, नातवंडं इंग्रजीत हसतात नि इंग्रजीत रुसतात. मावशी जबलपुरातच जन्मलेली, ती स्वयंपाक मराठीत करते आणि भांडते हिंदीत. त्यामुळे मावसाजींचे कान कायम उपाशी. रस्त्यात महाराष्ट्राच्या नंबरची गाडी दिसली की यांची स्कूटर तिच्या मागे लागलीच. एकदा भेडाघाट पाहायला आलेल्या साताऱ्याच्या एका कुटुंबाला त्यांनी सिग्नलवर गाठलं, घरी आणलं, पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि इतक्या गप्पा मारल्या, की बिचाऱ्यांचा नौकाविहार हुकला. ती माणसं निघून गेल्यावर मावसाजी किती तरी वेळ फाटकात उभे होते. "किती गोड बोलत होते ना," एवढंच म्हणाले. ती काय बोलत होती याचा त्यांना पत्ता नव्हता. उशीर होतोय, जाऊ द्या, एवढंच ती बोलत होती.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी कळवावं लागतं, बोटाचा ठसा देऊन. गेल्या नोव्हेंबरात मशीननं मावसाजींचा ठसा घेतलाच नाही. बोटं झिजली होती. पुन्हा गेले, पुन्हा तेच. ते आल्यावर मावशीला म्हणाले, "मी जिवंत आहे हे मशीनला पटून नाही राहिलं." ते विनोदानं म्हणाले असावेत, पण त्या दिवशी ते जेवले कमी, असं मावशी सांगते. आणि लगेचच एका सकाळी फोन आला. पेन्शनच्या कार्यालयातून बोलतो, तुमच्या ठशाची अडचण आहे ना, असं कुणी तरुण हिंदीत विचारत होता. अशी अडचण म्हाताऱ्या माणसांत दर चार घरांत एकाला असते, हे मावसाजींना एरवी लगेच सुचलं असतं. सुचलंही असेल, कारण त्यांनी नेहमीप्रमाणे नाव, पद, कार्यालयाचा पत्ता विचारायला सुरुवात केली. त्यावर तो मुलगा हसला आणि म्हणाला, "काका, आडनावावरून तुम्ही मराठी दिसता. मी नागपूरचा. मग मराठीतच विचारा की!"

मावशी सांगते, त्यांचा चेहराच बदलला. खिशातलं भिंग खिशात राहिलं. फोन घेऊन ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. त्यानं यांना यांचं गाव विचारलं, मूळ घराणं विचारलं, जबलपुरात कधीपासून ते विचारलं. यांनी नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून सुरुवात केली आणि त्यानं ऐकून घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. आमच्यापैकी कुणीही ते कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. कामाचं त्या दिवशी त्यानं काही काढलंच नाही. "घाई नाही काका, उद्या करू सावकाश," म्हणाला, आणि विचारलं, तिकडे आपली आणखी माणसं आहेत का, त्यांचीही अशीच अडचण असेल, बिचारी म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात. मावसाजींनी एकेकाचं नाव आणि नंबर सांगितला. मग स्वतः सगळ्यांना फोन करून कळवलं. मलाही आला होता तो फोन. "अगं, नागपूरच्या ऑफिसातला एक मुलगा आहे. काय मराठी बोलतो! तुझ्या सासऱ्यांना सांग, त्याचा फोन आला तर बिनधास्त बोला म्हणावं. आपला माणूस आहे." मी वर्गात शिकवायला निघाले होते. बरं म्हटलं आणि ठेवला. माझे सासरे त्या आठवड्यात फोन घरीच विसरून नणंदेकडे गेले होते म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवर आलेला ओटीपीचा आकडा विचारला. या जागेवर मी पुष्कळदा अडते. जन्मभर मागचं बारीक अक्षर वाचलेल्या माणसानं तो संदेश वाचला नाही, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी तो वाचला होता. नंतर त्यांनीच मला सांगितलं. "पूर्ण वाचला मी. हा आकडा कोणालाही सांगू नका, असं लिहिलं होतं. मी त्याला म्हटलं पण, बेटा, इथं तर असं असं लिहिलंय. तर तो म्हणाला, बरोबर आहे काका, कोणालाच सांगायचं नसतं. पण मी काय परका आहे?" एवढं सांगून मावसाजी माझ्याकडे बघत राहिले. जणू मी सांगणार होते, की त्यावर त्यांनी काय उत्तर द्यायला हवं होतं.

पैसे गेल्याचा संदेश लगेच आला. आता यापुढचं मला सांगवत नाही, पण सांगते. फसल्याबरोबर ताबडतोब तक्रार करायची, पैसे वाटेतच अडवता येतात, पहिला तास सोन्याचा, हे वाक्य मावसाजींनी आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात म्हटलेलं होतं. लोक त्याची नक्कल करायचे. त्या दिवशी तो तास आला आणि गेला. मावसाजी गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिले. मावशीला म्हणाले, डोकं दुखून राहिलं. तक्रार करायची तर नाव सांगावं लागलं असतं. इतरांना सावध करायचं तर आपण फसलो हे आपल्याच तोंडानं सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. देवघरेबाईंचा होता. मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाईंचा दिसतो, घ्या ना." मावसाजी त्या फोनकडे बघत राहिले. तो वाजून वाजून थांबला.

बाई विचारायलाच फोन करत होत्या. सवयीप्रमाणे. नागपूरच्या मुलाचा फोन आलाय, आकडा मागतोय, देऊ का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मावसाजींनी फोन घेतला नाही. पण आदल्या दिवशी तेच तर म्हणाले होते, आपला माणूस आहे म्हणून. बाईंनी आकडा सांगितला. बाथरूमचे सगळे पैसे गेले.

सकाळी बाईंची बातमी मावशीकडे पोचली आणि तिच्या फोनवरच्या आरडाओरड्यावरून मला दोघांचंही कळलं. मी मावसाजींना घेऊन पोलिसांच्या सायबर कक्षात गेले. ज्या माणसाला घेऊन इतर लोक अशा ठिकाणी जात, त्याला मी हाताला धरून नेत होते. तिथला तरुण शिपाई वाईट नव्हता, थकलेला होता. त्याच्यासमोर अशी म्हातारी माणसं रोज येत असणार. म्हणाला, "अंकल, आप तो पढ़े-लिखे लगते हैं. इतना प्रचार करते हैं हम लोग, फिर भी?" मग पेन उचलून त्यानं विचारलं, "उसने ऐसा क्या बोल दिया आपको?" मावसाजी विचार करून म्हणाले, "कुछ नहीं. मराठी बोल रहा था." शिपायाला त्यात लिहून घेण्यासारखं काही वाटलं नाही. तक्रार घेतली गेली. तपास चालू आहे, असं तेव्हा सांगितलं होतं, आजही तेच सांगतात. ज्या खात्यात पैसे गेले ते कुणा दूरच्या मजुराच्या नावानं भाड्यानं घेतलेलं निघालं. पैसे मिळायचे नाहीत, हे मला कळतं आणि मावसाजींना तर माझ्या आधीच कळलं होतं. सारा जन्म हा माणूस हलवायाशी आणि बाटलीवाल्याशी भांडत राहिला. ज्याच्याशी भांडायचं होतं त्याला चेहराच नव्हता. मला त्या दिवशी या सगळ्या कायद्यांचा, हक्कांचा आणि पाट्यांचा मनस्वी वीट आला. तो अजून गेलेला नाही.

तिथून ते म्हणाले, "महाराजपूरला चल." बाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. कोपऱ्यात फरशांचे नमुने भिंतीला टेकवून ठेवलेले, सगळे खरखरीत, न घसरणारे. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा फसले म्हटल्यावर माझी काय कथा हो." मग चहा टाकायला उठता उठता त्या सहज म्हणाल्या, "मी लावला होता तुम्हाला फोन. म्हटलं झोपले असाल, म्हणून पुन्हा नाही लावला." वाट मोकळी होती. हो, झोपलो होतो, एवढंच म्हणायचं होतं. बाईंना ते हवंही होतं, असं मला वाटतं. मावसाजी म्हणाले, "नाही बाई. जागा होतो. तुमचाच फोन आहे हे पाहून राहिलो होतो. लाज वाटली म्हणून नाही उचलला." बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. चहा आला, पण त्या स्वतः आमच्याजवळ बसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी मावसाजींना कधी फोन केला नाही. आणखीही दोन-तीन घरी त्या मुलानं असंच फसवलं होतं. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, मागे बोलले. "डबा वेगळा तोलायला लावायचे आणि दुकानच देऊन बसले," असं एकानं म्हटलेलं माझ्या कानावर आलं. मावसाजींना विचारलं का, असं आता कुणी म्हणत नाही.

संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू आणि तिळगूळ असतो. मावसाजी येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. ते आले. अध्यक्षांनी मान दुसरीकडे वळवली, तरी हे व्यासपीठावर चढले आणि माइक हातात घेतला. दरवर्षी ते सोन्याच्या हॉलमार्कवर बोलत आणि लोक तिळाच्या वड्या खात एकमेकांशी गप्पा मारत. या वेळी कुणी गप्पा मारल्या नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही माझ्यामुळे फसले. मी तुमची नावं दिली. भोगून राहिलो. पण एक सांगतो, शेवटचं. फोनवर कोणी मराठीत बोललं ना, तर ठेवून द्या. काही ऐकू नका. आपल्याशी मराठीत बोलायला कोणाला वेळ आहे?" आणि खाली उतरले. देवघरेबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मावसाजींचा एवढा एकच सल्ला आमच्या लोकांनी झाडून सगळ्यांनी पाळला. माझे सासरेसुद्धा आता फोन उचलल्यावर "हाँ जी, कौन?" म्हणतात. समोर त्यांची सख्खी बहीण असली तरी आधी हिंदी, मग खात्री, मग आवाज ओळखूनही उरलेलं बोलणं हिंदीतच. एकदा जीभ वळली की वळली.

मावसाजींच्या फोनवर मात्र अजून तसले कॉल येतात. त्यांचा नंबर आता कुठल्याशा यादीत कायमचा बसला असणार. नंबर बदला म्हणून मी कितीदा सांगितलं, ते हो हो म्हणतात आणि बदलत नाहीत. परवा रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. मावशी आत होती, हे गॅलरीत. फोन वाजला, अनोळखी नंबर. त्यांनी उचलला आणि कानाला लावला. पलीकडची बाई इतकी मोठ्यानं बोलत होती, की मला ऐकू येत होतं. "नमस्कार काका, कसे आहात? तब्येत बरी आहे ना? थंडी फार असेल तुमच्याकडे." पुढे काय येणार हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी फोन काढून घ्यायला उठले, तर त्यांनी हातानंच मला थांब म्हटलं. ते डोळे मिटून नुसते ऐकत होते. ती बाई म्हणत होती, "काका, बोला ना. हॅलो? ऐकू येतंय ना तुम्हाला?" त्यांनी हळूच मान डोलावली, मग फोन बंद केला आणि पालथा करून मांडीवर ठेवला.